हॉलिस स्टँपर नेमका कुठला

हॉलिस स्टँपर म्हणे टेनेसीचा झाला! फेडरल कोर्टाच्या पायऱ्या चढता चढता व्हर्लीनला पुन्हा हसू फुटलं. अहो, ज्या माणसाला शेजारच्या काउंटीतलं पाणीसुद्धा बाधतं, तो राज्य सोडून जाणार?

"हसू नका, ताई," तिची वकील ओडेसा प्रुएट दबक्या आवाजात म्हणाली. "जजसाहेबांना हे पटलं ना, तर आपला कारभार आटोपला."

व्हर्लीनचं हसू विरलं. सोफ्याच्या कारखान्यात तिची उभी हयात शिलाई मशीनवर गेली होती. पोटुशा पोरीला कापडाचे जड गठ्ठे उचलायला लावू नकोस, असं तिने सुपरवायझर हॉलिसला चारचौघांत सुनावलं, आणि त्याच आठवड्यात तिला घरी बसवलं. तिने कंपनीवर आणि हॉलिसवरही दावा ठोकला, तो आपल्या काउंटीच्या कोर्टात.

कंपनी परराज्यातली. पण हॉलिस केंटकीचा आणि व्हर्लीनही केंटकीची. दोन्ही बाजूंना एकाच राज्यातली माणसं असली, की असा दावा राज्याच्याच कोर्टात राहतो. म्हणून कंपनीने टूम काढली: दावा लागण्याआधीच, मार्चमध्ये, हॉलिस सीमेपलीकडे टेनेसीत राहायला गेलाय, तेव्हा आता हे प्रकरण केंद्राच्या, फेडरल कोर्टाचं.

आणि इथे असले दावे ज्युरीपर्यंत पोचतच नाहीत, कागदावरच मरतात, असं ओडेसाने स्पष्ट सांगितलं होतं. व्हर्लीनला तर ज्युरीच हवी होती, आणि तीही आपल्या गावची. ते गठ्ठे उचलून ज्यांच्या कंबरा गेल्या त्यांनी ऐकावं, मग काय तो निकाल द्यावा.

हॉलिस साक्षीला उभा राहिला. अंगात नवा कोट, हातात चुरगाळलेली टोपी. व्हर्लीनकडे त्याने बघितलंच नाही. शाळेत तिच्याच बाकावर बसलेला माणूस!

"मार्चपासून मी टेनेसीत राहतो," तो पाठ केल्यासारखं म्हणाला. "भाड्याचं घर आहे. परत यायचा विचार नाही."

कंपनीचे वकील समाधानाने खाली बसले. ओडेसा उठली.

"मिस्टर स्टँपर, हातातली टोपी जरा दाखवता?"

हॉलिसने टोपी पाठीमागे नेली. "टोपीचं काय मध्येच?"

"दाखवा," जजसाहेब म्हणाले.

टोपीवर टपोऱ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: काउंटी जत्रा, हॅमचा पहिला नंबर. यंदाचं वर्ष. व्हर्लीनने टेबलाची कड घट्ट धरली. अगं बाई! ऑगस्टमधली जत्रा! खारवून धुरी दिलेल्या डुकराच्या मांडीच्या, म्हणजे हॅमच्या, पहिल्या नंबराची निळी फीत छातीवर लावून हॉलिस दिवसभर मिरवत होता, आणि दुसऱ्या नंबरावर ओडेसाचा बाप तोंड पाडून उभा होता.

"अभिनंदन," ओडेसा म्हणाली. तिचे डोळे लकाकत होते. "माझ्या वडिलांची अन्नावरची वासनाच उडालीय तेव्हापासून. आता मला सांगा, त्या हॅमला मीठ कधी चोळलं?"

"जानेवारीत. थंडीतच चोळतात."

"आणि धुरी? मार्चनंतर धुरी कोणी दिली? उन्हाळाभर मांस कोणी राखलं?"

कंपनीचे वकील ताडकन उठले. "याचा इथे काय संबंध?"

"संबंध आहे, जजसाहेब. जत्रेचा नियम जगजाहीर आहे. हॅम काउंटीत राहणाऱ्यानेच करायचा, आणि शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने सांभाळायचा. साक्षीदार मार्चपासून टेनेसीत असेल, तर हॅम दुसऱ्याच कुणीतरी केला. मग ती फीत आजच परत जायला हवी. माझे वडील वाट बघतायत."

हॉलिसचा चेहरा लालबुंद झाला. त्याने वकिलांकडे पाहिलं, टोपीकडे पाहिलं. वकील मान हलवत राहिले, नको, नको. बोल ना मेल्या, बोल! व्हर्लीन मनातल्या मनात ओरडत होती.

"दुसऱ्या कुणी?" हॉलिस गरजला. "माझ्या धुरीघरात दुसऱ्या कुणाचा पाय पडलेला नाही! रोज संध्याकाळी मी स्वतः धुरी दिलीय, हिकरीच्या लाकडाची! त्या भाड्याच्या खोलीत मी चार रात्रीसुद्धा झोपलो नाही. कंपनीने किल्ली हातात दिली, मी घेतली. पण फीत माझी आहे!"

कोर्टात हशा पिकला. जजसाहेबांनीही ओठ दाबून धरले.

"साक्षीदार केंटकीचाच आहे," ते म्हणाले. "दावा काउंटीच्या कोर्टात परत जाईल."

व्हर्लीनने ओडेसाला अशी मिठी मारली की पोरीचा चष्मा निसटला. जिंकलो! अजून काहीच मिळालेलं नव्हतं, खरा खटला पुढेच होता, पण तिला नाचावंसं वाटत होतं.

बाहेर हॉलिस गाडीजवळ एकटाच उभा होता. वकील त्याला टाकून निघून गेले होते.

"नोकरी गेली माझी," तो म्हणाला.

"गेली असेल. माझीही गेलीय."

त्याने टोपी डोक्यावर चढवली, पुन्हा काढली. "व्हर्लीन, तिथे ज्युरीत आपलीच माणसं बसणार. कारखान्यातल्या बर्थाची बहीण, चर्चमधली मंडळी. त्या गठ्ठ्यांबद्दल त्यांच्यासमोर मला खोटं नाही बोलता येणार गं."

इतक्या महिन्यांचा राग व्हर्लीनने तोंडाशी आणून ठेवला होता, तो कुठे गेला कुणास ठाऊक.

"मग ये," ती म्हणाली. "आणि टोपी घालून ये."