चाक सोडू नको

आमचे हे, बुद्धभूषण, शाळेत असल्यापासून पळायचे. शहापूरच्या आसपासचा एक रस्ता सोडला नसेल त्यांनी. आणि पळायचे ते कायम उजव्या कडेनं. पीटीच्या सरांनी डोक्यात भरवलेलं, की समोरून येणारी गाडी डोळ्यांपुढे हवी, आली की कडेला उडी मारायची. बाजारात माझ्यासोबत चालले तरी पाय उजवीकडेच वळायचे. मी चिडवायचे, "अहो, आपल्या लग्नात सप्तपदी नव्हती म्हणून बरं. तुमी उलटेच फिरला असता."

मग गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, पळणं बंद, सायकल चालवा. त्यानंतर घरात नुसती धुसफूस. चहा गार, भाजी खारट, पंखा वाजतो, सगळ्याला नावं. शेवटी मीच वैतागून म्हटलं, "घ्या बाबा एकदाची ती सायकल आणि माझा जीव सोडा!"

सायकल आली, आणि तिच्या मागोमाग माझा धाकटा भाऊ रूपेश दुसरी सायकल घेऊन आला. मुरबाडला कंपनीत नुकताच लागला होता. भावजी म्हणतील ती पूर्व दिशा, असं पोरगं. मग ह्यांच्या ऑफिसातला सुनिल आला, त्याची बहीण पूजा आली, अजून दोघं आले. दर रविवारी लांब लांब जायला लागले.

त्यांची रीत अशी, की सगळे एकामागोमाग एक, पुढच्याच्या चाकाला चाक लागेल इतके जवळ. पुढचा वारा अंगावर घेतो, मागच्यांना पायडल हलकं जातं. पुढे कायम हे, आणि ह्यांच्या मागे रूपेश. त्याला ह्यांनी पहिल्याच दिवशी बजावलेलं, "माझ्या चाकावर डोळा ठेव. बाकी काय बघू नको. चाक सोडू नको."

मी मागून स्कूटीवर असायचे. केळी, पाणी, पंक्चरचं सामान, सगळी हमाली माझी. एका रविवारी परतताना हे दमले होते. बघते तर सायकल हळूहळू मधली पांढरी पट्टी ओलांडून उजवीकडे निघालेली. आणि मागचे सगळे, माना खाली घालून, गाईमागे वासरं जावी तसे त्यांच्यामागून पलीकडे गेले. एकालाही कळलं नाही. मी हॉर्न बडवला तेव्हा हे भानावर आले.

"सवय गो," म्हणाले, वर हसले.

सुनिल म्हणाला, "वहिनी, रस्ता मोकळाच होता की." मग मी रूपेशला बाजूला घेतलं. "जरा मान वर करून बघत जा रे."

"ताई, मान वर केली की चाक सुटतं. पुढचं भावजी बघतात ना!"

त्या दिवसापासून रविवार आला की मला जेवण जायचं नाही.

मार्चमध्ये मोठा बेत ठरला. शहापूरहून मुरबाड, तिथून धसई, सिद्धगडाच्या पायथ्यापर्यंत आणि परत. विहाराच्या फाटकाशी सगळे जमले. आई भाकऱ्या बांधून घेऊन आली. पुडकं माझ्या डिकीत ठेवताना हळूच म्हणाली, "संध्या, माझा पोर तुज्यासंगती देते. नीट घेऊन ये."

रूपेशनं पहिल्या पगारातून पायडलला अडकणारे बूट घेतले होते. टक् करून अडकवायचा, टाच फिरवून सोडवायचा, आईला पुन्हा पुन्हा दाखवत होता. ह्यांच्या पायात मात्र तेच जुने पळायचे बूट. "पाय बांधलेले मला नाय चालत," म्हणाले.

मी म्हटलं, "दमलात तर पुढून बाजूला व्हा. सुनिलला येऊ द्या."

"बरं बरं," म्हणाले. बायकोला म्हणतात तसं.

जाताना सगळं ठीक झालं. परतताना धसई मागे पडली आणि ऊन डोक्यावर आलं. रस्त्यावर चिटपाखरू नाही. सागाची पानं झडलेली, सावली म्हणून कुठे नाही. सुनिलनं पुढे यायला दोनदा ओरडून विचारलं, ह्यांनी हात हलवून नको म्हटलं. पाणीही घेईनात. मेला तो हट्ट!

चढ लागला आणि ह्यांचे खांदे डुलायला लागले, पळताना शेवटच्या टप्प्यात डुलायचे तसे. ते डुलणं मी ओळखते. सायकल पांढऱ्या पट्टीवर आली, पट्टी ओलांडली, उजव्या कडेला जाऊन लागली. मागोमाग रूपेश. त्याच्यामागे सगळे. पुढे वळण, वळणावर करवंदीची दाट जाळी, पलीकडचं काही दिसत नाही.

मी हॉर्न दाबून धरला. "अहो! डावीकडे! डावीकडे या!" घसा फाटेस्तोवर ओरडले. कोणी मान वर केली नाही.

वळणावरून काळीपिवळी जीप आली, माणसांनी भरलेली. ती तिच्या बाजूनंच होती बिचारी.

ह्यांनी ती पाहिली. आणि जन्मभर केलं तेच केलं. हँडल सोडलं आणि कडेला उडी मारली. भाताच्या धसकटांत दोन्ही पायांवर उभे राहिले. सायकल मात्र रस्त्यावरच राहिली. आणि तिच्या मागे रूपेश, मान खाली, पाय अडकलेले.

मागचे एकमेकांवर पडले, खरचटलं, वाचले. जीपवाला डोकं धरून रडत होता, "बाय, मी माज्या साइडनंच होतो गो." त्याच जीपमध्ये रूपेशला घातलं. त्याचं डोकं माझ्या मांडीवर. हे शेतातच उभे होते. कितीदा हाक मारली, रस्त्यावर चढले नाहीत.

मुरबाडच्या वाटेवर रूपेशनं डोळे उघडले.

"भावजी?"

"बरे आहेत रे. काही झालं नाही त्यांना."

त्याला बरं वाटलं. ओठ हलले, म्हणून मी कान जवळ नेला.

"ताई, मी चाक नाय सोडलं."

"शाबास रे," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? मुरबाड यायच्या आत त्याचा हात माझ्या हातात गार पडला.