दोकशिमच्या व्हॅनचा काळा धूर

दोकशिमची व्हॅन इतकी जुनी होती, की सुरू होण्याआधी ती तीनदा खोकायची आणि चौथ्या खोकल्याला गावातली कुत्री आपापली जागा सोडून लांब जाऊन बसायची. आधीच्या मालकाने शपथेवर सांगितलं होतं, की या गाडीने एकदा बर्फात रुतलेला बुलडोझर ओढून काढला. तो बुलडोझर कोणी पाहिला नव्हता. पण गाडीने आयुष्यात काहीतरी भयंकर ओढलंय, हे तिच्या बंपरकडे पाहून कोणीही मान्य केलं असतं.

गाडी हवी होती ती बाजारासाठी. घाटापलीकडे सोकबोंगला दर पाच दिवसांनी बाजार भरतो. तिथे पुलाच्या तोंडाशी दोकशिमची जागा. कुट्टूच्या पिठाची धिरडी, आत आंबवलेल्या कोबीची तिखट किमची, आणि खाणाऱ्यांची रांग पार पुलाच्या मध्यापर्यंत. तिचा तवा आणि शेगडी नेणारा ट्रकवाला थकून मुलाकडे राहायला गेला, तेव्हा या बाईने अठ्ठावन्नाव्या वर्षी गाडी शिकून घेतली. नवरा असता तर हसला असता. तो नव्हता, म्हणून ते काम नणंदेने केलं.

नणंद पिलसुन शेजारच्याच घरात. तिचा धंदा मासे वाळवण्याचा. थंडीभर तिच्या मांडवावर म्योंगते मासे लटकत आणि गोठत-वितळत असे कडक होत, की एका माशाने ती म्हणे दारात खिळा ठोकायची. व्हॅन आली त्या दिवशी पिलसुननेच पूजा मांडली. बॉनेटपुढे डुकराचं मुंडकं ठेवलं, चारही चाकांवर तांदळाची दारू ओतली. मग मांडवावरचा सगळ्यात मोठा मासा, डोकं बाहेर ठेवून, कागदात गुंडाळून, पांढऱ्या दोऱ्याचे वेढे देऊन, तिने बॉनेटच्या आत पुढच्या दांडीला बांधला.

"याचे डोळे मेल्यावरही उघडे असतात," ती म्हणाली. "रस्ता हा बघेल. तू नुसतं चाक धर."

"बरं वन्सं," दोकशिम म्हणाली. नणंदेशी वाद घालण्यापेक्षा घाट चढणं सोपं, असं तिला तेव्हा वाटत होतं.

थंडी पडली आणि गाडीचा पहिलाच बाजार चुकला. टाकीत शरदातलं डिझेल होतं. ते रात्रीतून चरबीसारखं थिजलं. गॅरेजवाला नामगुंग पोट धरून हसला. "काकू, कापूस न भरता रजई पांघरलीत," असं म्हणून त्याने थंडीचं डिझेल भरायला लावलं. किल्ली फिरवली की पिवळा दिवा लागतो, तो विझेपर्यंत थांबायचं आणि मगच इंजिनाला हात घालायचा, हेही शिकवलं. पुढच्या बाजाराला गाडी सुरू झाली ती थाटात. पण घाटाच्या तिसऱ्या वळणावर मागून असा काळा धूर निघाला, की एक कावळा त्यात शिरला आणि बाहेर येताना त्यालाच स्वतःची सावली सापडेना. गाडीचा जीव गेला. दोकशिम उलटी घसरत, देवाचं नाव घेत, परत आली.

आता सोकबोंगचा नियम असा, की सलग तीन बाजार चुकले की जागा दुसऱ्याची. शेजारी बसणारा मोजेवाला यांग आपली चटई जरा जरा इकडे सरकवू लागलाय, हे तिच्या कानावर आलं होतं.

नामगुंगने स्क्रूड्रायव्हर कानाला लावून इंजिन ऐकलं. "गेलंय. मला द्या, कोंबड्या ठेवीन आत."

"तुझ्या कोंबड्या माझ्या जागेवर बसून धिरडी घालणार असतील तर ने."

"काकू, हट्टाने इंजिन चालत नाही."

"मग कशाने चालतं ते दाखव."

त्याने दाखवलं आणि ती करत गेली. डिझेलच्या फिल्टरखालची चकती सैल करून साचलेलं पाणी काढलं. नवा फिल्टर बसवला आणि वरचं बटण, हाताला कडक लागेपर्यंत, दाबून दाबून आतली हवा काढली. तेलाची पट्टी पुसून, बुडवून, पुन्हा पाहिली. पट्टा चाचपला. हवेचा फिल्टर काढून अंगणात झटकला. तो आधीच स्वच्छ होता. या सगळ्यात मासा मध्ये यायचा. तेव्हा तीही आणि नामगुंगही दोन्ही हातांनी त्याला अदबीने बाजूला करत, आणि काम झालं की होता तिथे, होता तसा नीट परत ठेवत. अंगणात गाडी मांजरासारखी गुरगुरायची.

तिसऱ्या बाजाराच्या सकाळी पिलसुन न सांगता शेजारच्या सीटवर येऊन बसली. "जागा जाताना निदान घरचं कोणी बघायला हवं."

तिसरं वळण आलं आणि धूरही आला. गाडी कण्हत थांबली.

"सांगितलं होतं, ट्रक भाड्याने घे," पिलसुन म्हणाली.

हँडब्रेक ओढून दोकशिम उतरली, चाकांमागे दगड लावले आणि मागे रस्त्यावर रेंगाळणाऱ्या धुराकडे पाहत राहिली. यंत्रातलं तिला फार कळत नव्हतं, पण शेगडीतलं कळत होतं. कोळशाच्या शेगडीचं खालचं झाकण बंद राहिलं की अशीच काजळी उठते. जळायला आहे भरपूर, वारा नाही. फिल्टर तर स्वच्छ. म्हणजे वारा त्याच्याही आधी अडतोय, आणि अडतोय तो जोर लावल्यावरच.

तिने बॉनेट उघडलं. "वन्सं, इकडच्या सीटवर या. मी सांगितलं की उजवा पाय दाबा."

"मी? चुलीला फुंकर घालणारी बाई मी. गाडीला पाय लावणार नाही."

"मग जोडे काढून लावा."

पिलसुनने खरंच जोडे काढले. इंजिन सुरू झालं. मासा आपला दांडीला निवांत लोंबत होता.

"दाबा. अजून. माझ्यावर राग काढायचाय असं समजून दाबा."

तो राग बराच साठलेला होता. इंजिन गरजलं आणि त्याबरोबर मासा हलला. त्याने शेपूट उचललं, कागद फडफडला, आणि हवा आत घेणाऱ्या नळीच्या तोंडावर तो असा चिकटून बसला, जसं तान्हं पोर आईला. इकडे मागून काळा लोट उठला.

"पाय काढा वन्सं. आणि इकडे या."

पिलसुन अनवाणीच आली. दोकशिमने एक्सिलरेटरची तार हाताने ओढून दाखवली. मासा पुन्हा चिकटला. सोडली, तो पुन्हा लोंबला, डोळे उघडे, चेहऱ्यावर गुन्हा नाही. पिलसुनने वाकून त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"तू काढून फेकायचा होतास," ती म्हणाली.

"तुम्ही बांधलाय. तुमच्याच हाताने सुटू दे."

पिलसुनने दाताने गाठ सोडवली. मासा छातीशी धरून ती सीटवर बसली आणि जोडे घालायचं विसरली. दोकशिमने दगड काढले. व्हॅनने तिसरं वळण घेतलं, चौथं घेतलं, आणि माथ्यावरून अशी सुटली, की मागचे तवे वाजू लागले.

सोकबोंगला यांगची चटई पुलाच्या तोंडाशी पसरून झाली होती. शेजारी बाजाराचा मुकादम जागेवर नवं नाव लिहायला खडू घेऊन वाकलेला. व्हॅन उलटी येत येत थेट त्याच्या पाठीशी थांबली. धूर नाही, काही नाही. मुकादमाने खडू खिशात टाकला. यांग मोजे गोळा करता करता पुटपुटला, "म्हणे इंजिन गेलं होतं."

"गेलं होतं," पिलसुन उतरत म्हणाली. "माशाने दाखवलं कुठे गेलंय ते. उगाच का डोळे उघडे ठेवतो?"

दोकशिमने शेगडी पेटवली, आधी खालचं झाकण उघडलं, आणि नणंदेला शब्दाने अडवलं नाही.

मासा आता मागच्या दाराला बांधलेला असतो, तव्यांच्या वर. आणि बाजाराच्या दिवशी पहाटे दोकशिमने किल्ली फिरवण्याआधीच शेजारच्या घरातून आवाज येतो, "तेलाची पट्टी बघितलीस का गं?"