नावापुरती मालकीण

ट्रकच्या दारावर कंपनीचं नाव दिसलं की मी आधी ते नखानं खरवडून पाहते. ‘पेटवे गवंडीकाम, स्थापना १९९०’ अशी पिवळी अक्षरं होती. नख लावलं, अक्षरं हलली नाहीत. चुंबकाची पाटी नव्हती. रंगच होता, आणि तोही चांगला जुना.

“बाई, रंग जाईल,” मागून आवाज आला. “मग मिस अर्लीन मला ओरडणार.”

भुवयांवर सिमेंट बसलेला एक थोराड गोरा माणूस उभा होता. त्याचं नाव मला कचेरीत आलेल्या एका पत्रातून कळलेलं होतं. नेजाद. बोस्नियातल्या लढाईनंतर जे हजारो लोक आमच्या सेंट लुईसला आले, त्यांतला एक. पेटवेंकडे पंचवीस वर्षं गवंडी, आता मुकादम. पत्राप्रमाणे धरलं तर खरा मालक हाच.

मी ओळखपत्र दाखवलं. “टॉलिव्हर. शहराच्या कचेरीतून.”

“कळलं,” तो म्हणाला. “ट्रकला नखं लावणाऱ्या तुम्हीच. सगळ्या साइटवर तुमचं नाव आहे.”

असेना का. शहराच्या प्रत्येक बांधकामातला चौथा हिस्सा आम्हा काळ्यांच्या आणि इतर अल्पसंख्याकांच्या कंपन्यांना मिळाला पाहिजे, असा नियम आहे. नियम आला तशी पळवाटही आली. मोठा ठेकेदार एखाद्या काळ्या माणसाचं नाव कागदावर घेतो, त्याच्या हातावर काहीतरी टेकवतो आणि काम आपल्याच माणसांकडून उरकून घेतो. अशा नावापुरत्या कंपन्या हुडकून काढायच्या, हे माझं काम. बावीस वर्षं करते आहे. पहिल्याच वर्षी एकानं मला अकरा ट्रक दाखवले, मी खूश होऊन मंजुरीचा शेरा मारला. पुढं कळलं, अकराही ट्रक ठेकेदाराचे. दारांवर फक्त चुंबकाच्या पाट्या. माझे वडील प्लंबर होते, अगदी खरेखुरे. त्यांना शहराचं एकही काम मिळालं नाही, कारण त्यांच्या वाटचं काम असल्या पाट्यांनी खाल्लं. तेव्हा ह्या बाबतीत मला दयामाया नाही, हे आधीच सांगून टाकते.

पत्र निनावी होतं, दोनच ओळींचं. ‘अँब्रोज पेटवे मेल्यावर त्याची बायको नुसती नावाला आहे. कंपनी तो बोस्नियन नेजाद चालवतो.’ म्हणून मी न कळवता आले होते. उत्तर भागातल्या नव्या अग्निशमन केंद्राची भिंत चढत होती. जुलैचं ऊन मी म्हणत होतं.

“नकाशा कुठं आहे?” मी नेजादला विचारलं.

“नकाशा मिस अर्लीनकडे. आमच्याकडे काठी.”

“कसली काठी?”

त्यानं भिंतीला टेकवलेली एक रंधा मारलेली लाकडी काठी आणली. माझ्यापेक्षा उंच. तिच्यावर विटांच्या एकेका थराची खूण होती. मधूनच लाल रेघ, निळी रेघ. “लाल म्हणजे इथं खिडकी सुरू. निळी म्हणजे इथं संपली. काठी भिंतीला लावायची, वीट ठेवायची. आमचे उस्ताद, मिस्टर पेटवे, असंच करायचे. मी आलो तेव्हा मला तुमची भाषा येत नव्हती. उस्ताद म्हणाले, कागद बघूच नको. काठी बघ.”

“काठी बनवतं कोण?”

“आधी उस्ताद. घरी, तळघरात. आता मिस अर्लीन देतात.”

“देतात, का बनवतात?”

तो घुटमळला. खोटं बोलता येत नसलेला माणूस घुटमळतो तसा. “देतात. बनवताना मी नाही पाहिलं.”

माझे कान टवकारले. म्हणजे काठ्या ठेकेदाराचे इंजिनिअर बनवून देत असणार आणि ही बाई त्या गाडीत घालून आणत असणार. मी सिमेंट कालवायच्या परातीवर वाकलेल्या एका म्हाताऱ्या काळ्या गवंड्याला गाठलं. तुमचा मालक कोण, म्हणून विचारलं.

“मालक आठ महिन्यांमागं वारला,” तो मान वर न करता म्हणाला. “आता मालकीण आहे, आणि ती त्याच्यापेक्षा खडूस आहे. हे लिहून घ्या, पण तिला दाखवू नका.”

मी लिहून घेतलं. मात्र पढवलेली माणसंही असंच बोलतात.

वीस मिनिटांत निळ्या गाडीतून मिसेस पेटवे, म्हणजे ह्या सगळ्यांच्या मिस अर्लीन, उतरल्या. सासष्ट वर्षांच्या, अंगानं लहानखुऱ्या, केसांत पेन्सिल खोचलेली. माझं ओळखपत्र त्यांनी हातात घेतलं आणि दोन्ही बाजूंनी वाचलं. फोटोशी माझा चेहरा ताडून पाहिला.

“पत्र आलंय ना?” त्यांनी सरळच विचारलं.

“ते सांगता येत नाही.”

“म्हणजे आलंय. हातानं लिहिलेलं, की छापील?”

“मिसेस पेटवे, प्रश्न मी विचारणार.”

“विचारा की. पण मला ठाऊक आहे. आमच्या चर्चमधली सिस्टर व्हिओला तीन रविवार माझ्या शेजारी बसत नाहीये. तिच्या भाच्याला हेच काम हवं होतं.” मग नेजादकडे नजर टाकून हळूच म्हणाल्या, “नाहीतर ह्याच्या घरचं कुणीतरी. काय सांगावं? अँब्रोज गेल्यापासून मी कुणावर विश्वास ठेवत नाही, पोरी. तुझ्यावर तर नाहीच.”

बाई मला आवडायला लागली होती. असं झालं की मी जास्तच सावध होते.

साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत आम्ही बसलो. पंखा गरम वारा फेकत होता. मी त्यांना स्वच्छ सांगितलं, की मालकाला धंदा स्वतःला कळत असला पाहिजे, तो स्वतः चालवत असला पाहिजे. तसं दिसलं नाही तर अल्पसंख्याक कंपनीचा दाखला रद्द. दाखला गेला की हे काम गेलं, खाली राबणारे सातजण घरी, आणि पेटवेंचं नाव शहराच्या यादीतून कायमचं बाद.

“हो, मला वाचता येतं,” त्या म्हणाल्या. “नियम वाचलेत मी.”

मी पिशवीतून भलत्याच एका कामाचा नकाशा काढला. वाचनालयाची मागची भिंत, दोन खिडक्या. “ह्याची काठी करून दाखवा. इथंच.”

त्यांनी केसांतली पेन्सिल काढली. नकाशा टेबलावर पसरला, त्यावर एकदा तळहात फिरवला आणि कोपऱ्यातली एक कोरी काठी मांडीवर घेतली. मी घड्याळ लावलं होतं. तिसऱ्या मिनिटाला त्या थांबल्या.

“कुणी काढलाय हा?”

“का?”

“ह्यानं आयुष्यात वीट हातात धरलेली नाही. तीन थरांना आठ इंच होतात. खिडकीचा माथा शहाऐंशी इंचांवर ठेवलाय. म्हणजे बत्तीस थर, आणि वर पाव. आता तो पाव कुठून आणायचा? गवंडी पट्ट्या कापत बसणार, आणि ते जन्मभर दिसत राहणार. दोन इंच वर घे म्हणावं. तेहेतीस थर सरळ बसतील.”

वाचनालयाच्या वेळी हा घोळ खरंच झाला होता आणि तो भिंत अर्धी चढल्यावर लक्षात आला होता. मी तोंडावर काही दिसू दिलं नाही. अठरा मिनिटांत काठी तयार झाली, लाल-निळ्या रेघांसकट.

शंका फिटायला हवी होती. उलट बळावली. आठ महिन्यांत कुणी हे शिकत नाही.

“हे कधीपासून करता?”

“पहिल्यापासून.”

“पण मुकादम म्हणतो, काठ्या मिस्टर पेटवे करायचे.”

“त्याला तसंच वाटायला हवं होतं.”

मी जुनी फाइल उघडली. तीस वर्षांचे अर्ज, अंदाजपत्रकं, मापं. ‘तयार करणार’ ह्या रकान्यात सगळीकडे अँब्रोज पेटवे. अक्षर मात्र आत्ताच ह्या बाईंनी काठीवर टाकलेल्या आकड्यांचं. “ते सांगायचे आणि तुम्ही लिहायच्या?”

“मी मोजायचे आणि मी लिहायचे. सही तो करायचा.”

“का?”

“बाईच्या हातचं अंदाजपत्रक कोण घेणार होतं?”

उत्तर तयार होतं. फारच तयार होतं. “मिसेस पेटवे, बायकांच्या कंपन्यांची वेगळी यादी तेव्हापासून आहे. तुमचं नाव घातलं असतं तर दोन्ही याद्यांत बसला असता. दुप्पट कामं मिळाली असती. खिडकीतला पाव थर तुम्हाला तीन मिनिटांत दिसतो आणि ही गोष्ट तीस वर्षं दिसली नाही?”

त्यांनी पेन्सिल पुन्हा केसांत खोचली. मी पेन खाली ठेवलं. अशा वेळी मी कधी मदत करत नाही. गप्प बसलेला माणूस बहुधा नवं खोटं जुळवत असतो.

“दार लाव,” त्या म्हणाल्या.

मी दार लावलं.

“त्याला वाचता येत नव्हतं.” पंख्याच्या आवाजात मला कसंबसं ऐकू आलं. “मिसिसिपीत आठव्या वर्षी कापूस वेचायला घातला त्याला. आकडे यायचे, पैसे यायचे, भिंत तर अशी यायची की ओळंबा लावायला नको. अक्षर मात्र एक नाही. बायकांच्या यादीत जायचं तर तुमची माणसं येऊन विचारणार, हे करतं कोण, ते करतं कोण. आत्ता तू विचारतेस तसं. म्हणून नाही गेलो.”

“कुणाकुणाला माहीत आहे?”

“मला. आता तुला. माझी आई मरेपर्यंत त्याच्या बायबलच्या अभ्यासाचं कौतुक करायची.”

मला आठवलं आणि मी बोलून गेले, “पण मी त्यांना वाचताना ऐकलंय! माझ्या मावशीच्या अंत्यविधीला. चर्चमधले मानाचे सेवक, डीकन पेटवे, बायबल समोर धरून. पानं उलटत होते.”

“आदल्या रात्री मी वाचायचे. तीनदा ऐकलं की त्याला पाठ. पान कुठल्या शब्दाला उलटायचं तेही सांगून ठेवायचे.” त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि लगेच गेलं. “एकदा दोन पानं एकदम उलटली. कुणाच्या लक्षात आलं नाही. घरी येऊन रात्रभर झोपला नाही.”

इतकं ऐकूनही माझा स्वभाव गेला नाही. दाखला वाचवायला मेलेल्या माणसावर काहीही रचता येतं. मेलेला उठून नाही म्हणत नाही. मी मान खाली घालून पुन्हा फाइल चाळू लागले, नुसत्या सह्या पाहत. नव्वद सालची, दोन हजारची, गेल्या वर्षीची. मोठी, सावकाश काढलेली सही. मी दोन सह्या एकमेकींवर धरून खिडकीच्या उजेडात पाहिल्या. तंतोतंत. माझी स्वतःची सही दोन दिवस सारखी येत नाही. ह्या माणसाची तीस वर्षांत केसभर हलली नव्हती. तो ती लिहीत नव्हता. शिकवलेलं चित्र काढत होता.

मला लाज वाटली. बावीस वर्षांत पहिल्यांदाच, आणि ती कुठं ठेवावी ते कळेना.

“हे मला फॉर्मवर घ्यावं लागेल,” मी म्हणाले. “त्याशिवाय तुमची तीस वर्षं तुमची ठरत नाहीत.”

“किती जण वाचतील?”

“दाखल्यांच्या समितीचे पाच. नंतर कुणी मागितलं तर कुणीही. हे कागद सर्वांना खुले असतात.”

“म्हणजे पत्र लिहिणाराही.”

“हो.”

त्यांनी खिडकीतून खाली पाहिलं. नेजाद कोपऱ्यावर दोरी ताणत होता. म्हातारा गवंडी त्याला काहीतरी लागट बोलला असावा, सगळे हसत होते.

“लिही,” त्या म्हणाल्या.

मी लिहिलं आणि नियमाप्रमाणे वाचून दाखवलं. “अर्जदाराचे पती निरक्षर होते. सर्व मापे, अंदाजपत्रके व—”

“तो शब्द नको.”

“मिसेस पेटवे—”

“असं लिही. वाचायचं तिच्याकडे होतं, बांधायचं त्याच्याकडे.”

मी तसं लिहिलं. वाचून पाहिलं. मग खोडलं. “ते म्हणतील, ह्याचा अर्थ काय? तुम्हाला समितीपुढं बोलावतील. भरल्या खोलीत उभं करून विचारतील, त्यांना वाचता येत होतं की नाही. एका शब्दात सांगा म्हणतील.”

“आणि तो शब्द असला तर बोलावणार नाहीत?”

“नाहीत. ते मी पाहते.”

त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला, घाम पुसावा तसा. “ठेव मग,” त्या म्हणाल्या. “पण नुसतं ‘पती’ नको. त्याचं नाव घाल. पूर्ण. आणि नावाआधी डीकन.”

फॉर्मवर असल्या गोष्टीला जागा नसते. मी दोन ओळींच्या मधल्या फटीत बारीक अक्षरांत शब्द बसवले आणि कागद त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं. मग एकेक शब्द सुटा करत, माझ्यासाठी नव्हे, शेजारी कुणी कान देऊन बसलेलं असावं अशा बेतानं त्या मोठ्यानं वाचू लागल्या.

“डीकन. अँब्रोज. पेटवे. निरक्षर. होते.”

बोट शेवटच्या शब्दाखाली क्षणभर थांबलं. मग त्यांनी माझं पेन मागून घेतलं आणि खाली स्वतःची सही केली.