ॲलर्जीचा कोरा रकाना

आमची कंपनी हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर बनवते. माझं काम ते तपासायचं. त्या सकाळी मी रुग्णाच्या नव्या फॉर्मच्या चाचणीचा कोड वाचत बसले होते. ती चाचणी एक नोंद सेव्ह करायची आणि विचारायची, ॲलर्जी लिहिलीये का? उत्तर कायम हो. फॉर्म सुरू होऊन अकरा दिवस झाले होते आणि चाचणी रोज हिरवी, म्हणजे पास.

वाचता वाचता खटकलं, आपण विचारतोय कुणाला? मेमरीतल्या त्याच नोंदीला! डेटाबेसमधून ती परत काढून कुणी पाहिलीच नव्हती. मी दोन ओळी वाढवल्या आणि नोंद नव्याने आणली.

नाव आलं. वय आलं. ॲलर्जीचा रकाना कोरा.

पुन्हा चालवलं. कोराच. मी फॉर्मचा कोड उघडला. कुठले रकाने जपायचे ते फ्रेमवर्कला, म्हणजे ज्या तयार सांगाड्यावर आम्ही फॉर्म बांधतो त्याला, यादीत सांगावं लागतं. त्या यादीत ॲलर्जी घालायची राहून गेली होती. फ्रेमवर्क तो रकाना गुपचूप टाकून देत होतं आणि वर पडद्यावर ‘नोंद सेव्ह झाली’ म्हणत होतं.

“मास्तर!” आमच्या टीमच्या प्रमुखांना सगळे असंच म्हणतात. ते आले आणि वाकून पाहिलं.

“किती जणांनी भरलाय हा फॉर्म?”

“तीनशे बारा,” नावांची यादी काढत मी म्हणाले. त्यांत ताई होती! माझी सख्खी बहीण. साडेअकराला तिच्या पित्ताशयाचं ऑपरेशन होतं आणि पेनिसिलिन तिला अजिबात चालत नाही. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

तिचा फोन बंद. वॉर्डात लावला.

“ॲलर्जीचं नोंदीत तर काहीच नाही हो,” नर्स म्हणाली.

“तिने लिहिलं होतं, आम्ही घालवलंय! पेनिसिलिन देऊ नका तिला!”

रिसीव्हर टेबलावर आपटल्याचा आवाज आला, मग धावणारी पावलं. नर्स धापा टाकत परत आली. “इंजेक्शन भरून ठेवलं होतं. फेकलं.”

मी फोन ठेवून मास्तरांकडे वळले.

तोवर मास्तरांनी फॉर्म बंद केला होता. सगळ्या हॉस्पिटलांना कागदावर लिहून घ्यायला सांगितलं आणि यादी छापून आम्हा सहा जणांत वाटली. दुपारी चारपर्यंत आम्ही एकेका घरी फोन करत होतो. दोघांच्या अंगावर पुरळ उठून गेलं होतं. एक आजी तीन दिवस अतिदक्षता विभागात होत्या.

“आता बरी आहे आई,” त्यांची मुलगी म्हणाली. “पण मी लिहिलं होतं की हो! की मीच विसरले? तेव्हापासून स्वतःलाच दोष देतेय.”

“नाही,” मी म्हणाले. “तुम्ही लिहिलं होतं. चूक आमची.”

पलीकडून ती हुंदके देऊन रडायला लागली. मी फोन ठेवला नाही.