अंगण ओलांडणारी आई

मी एक जुनी चित्रफीत आहे. मित्रांनो, नाकाला रुमाल लावू नका. माझ्या डब्याला आंबूस वास येतो, हे मला ठाऊक आहे.

चित्रपट बोलायला शिकले, त्याच्या आधीचा माझा जन्म. एका मूकपटाची मी शेवटची फीत. बाकीच्या बहिणी कधीच जळून-कुजून गेल्या. माझ्यावर एक तरुण बाई हातात पत्र घेऊन अंगण ओलांडते. नवरा आता परत येणार नाही, हे तिला नुकतेच कळलेले असते. दाराशी ती थांबते, डोळे पुसते आणि आत जाते. बस, एवढेच.

त्या काळी चित्रपट दाखवणाऱ्या यंत्राला मोटर नव्हती. ऑपरेटर हाताने हँडल फिरवायचा. आमच्या ऑपरेटरला सगळे सबुरीकाका म्हणत. पाठलाग आला की त्यांचा हात भरभर चाले, आणि ती बाई अंगणात उतरली की मंदावे. "रडणाऱ्या माणसाला मागून ढकलू नये," असे ते म्हणायचे. थिएटरात हुंदके ऐकू येत. मला तेव्हा स्वतःचा फार अभिमान वाटे.

मग बोलपट आले आणि आमची सद्दी संपली. एकाच भरधाव वेगाने धावणारी मोटरची यंत्रे आली. सबुरीकाका घरी बसले. मी एका तळघरात, मोडक्या खुर्च्यांखाली, कित्येक वर्षे पडून राहिले. माझ्या कडा झडू लागल्या. कुणी साधी विचारपूसही केली नाही.

काही वर्षांपूर्वी एका चित्रपट मंडळाने मला शोधून काढले. मला तपासणारा कारागीर म्हणाला, "प्रत काढायलाही ही टिकणार नाही. एकदाच चालेल, मग भुगा." ही बातमी वाचून नव्वदीला टेकलेली एक आजी नातीचा हात धरून आली. त्या बाईचे काम केलेल्या नटीची ती मुलगी. ती आठ महिन्यांची असतानाच आई वारली होती. घरात आईचा एकच फोटो, तोही खुर्चीत बसलेला.

"मला आईला चालताना बघायचंय," ती सगळ्यांना सांगत होती.

दिवे मालवले. मोटर सुरू झाली. बाई चिमणीसारखी टुणटुणत अंगणातून पळाली. माशी हाकलावी तसे तिने डोळे पुसले. लोकांची हसून मुरकुंडी वळली.

आजी उठून उभी राहिली. "अहो, जरा सावकाश लावा ना!"

"आजी, जुने पिक्चर असेच पळतात," मागून ऑपरेटर प्रेमाने म्हणाला.

तो वाईट माणूस नव्हता. वेग कमी करायचे बटण त्याच्या हाताशीच होते, पण जुनी माणसे अशीच दिसायची, अशी त्याची खात्री होती. हसणाऱ्यांचीही होती. दाराशी पोचता पोचता मी फाटले, आणि पडदा पांढरा झाला.

"आई अशी चालायची?" आजीने विचारले.

"हो गं आजी. तुझ्यासारखीच लगबगीची," नात म्हणाली.

आजीने मान डोलावली. तिने तेच खरे मानले आणि ती घरी गेली.

मित्रांनो, मूकपटातली माणसे उड्या मारत चालताना दिसली, तर हसण्याआधी उठा आणि यंत्राचा वेग विचारा. तसे कुणीच चालत नव्हते. माझ्यासाठी आता उशीर झाला आहे. माझा भुगा झाला आहे. तिची आई सावकाश चालायची, डावा पाय किंचित ओढत. हे पाहिलेली मी एकटीच उरले आहे.