फिनाइलचा पाहुणचार

मध्य प्रदेशातल्या सौसरच्या केशवरावांचा संत्र्याच्या सरबताचा कारखाना चालू राहणार की ऐन हंगामात त्याला कुलूप लागणार, हे त्या सोमवारी ठरायचं होतं. भोपाळच्या वायुकांडानंतर प्रदूषण मंडळाला एकदम जाग आली होती. नाल्यात काय सोडता ते लिहून द्या, म्हणून ते लहानमोठ्या कारखानदारांच्या हात धुऊन मागे लागलं होतं. या लोकांना धंदा कळे, मंडळाची भाषा कळेना. ती समजावून देऊन सगळं नियमात बसवायचं काम सुधाकरनं अंगावर घेतलं होतं. नागपूरला रसायनशास्त्र शिकून तो गावी परतला होता आणि केशवराव त्याचं पहिलंच गिऱ्हाईक. इथं तोंडावर आपटला असता, तर पार पांढुर्ण्यापर्यंत कुणी त्याला दारात उभं केलं नसतं.

हिवाळाभर खपून त्यानं सांडपाण्याची टाकी बांधून घेतली होती. तिच्यात शेणकाला टाकून जंतू वाढवले होते. सालींची, रसाची घाण ते जंतूच खाऊन टाकत आणि पाणी निवळून बाहेर पडे. त्याच पाण्याचा नमुना घ्यायला आज मंडळाच्या बाई येणार होत्या.

सकाळी तो फाटकातून आत शिरला आणि थबकलाच. सगळा कारखाना दवाखान्यासारखा घमघमत होता.

"भाऊ, हा वास कायचा?"

"फिनाइल!" केशवराव वरबापासारखे खुशीत होते. "भोपाळहून बाई येऊन राहिल्या, त्याहिले नाकाले रुमाल लावाव लागन का? दोन डबे ओतले टाकीत. बरं केलं ना?"

सुधाकरनं कपाळाला हात लावला. पाहुणा यायचा म्हणजे मोरी फिनाइलनं धुवायची, ही या माणसाची जन्माची सवय. या पाहुणचारात बिचारे जंतू मात्र मेले होते! पण त्या भोळ्या चेहऱ्यावर रागवायचं तरी कसं? काय झालं ते त्यानं समजावून सांगितलं.

"मेले? सारेच?" केशवरावांचा चेहरा उतरला. मग ते हळूच म्हणाले, "नाल्यात बोअरचं पाणी सोडून देऊ ना बाप्पा. कोणाले समजते?"

खरं सांगायचं तर सुधाकरलाही मोह झाला. तेवढ्यात जीप आली.

जीपमधून मंडळाच्या अनुराधाबाई उतरल्या; माहेर अमरावतीचं, त्यामुळे मराठी घरचीच. पाय टेकताच त्यांनी नाक वर केलं. सुधाकरनं फिनाइलचं सगळं सांगून टाकलं. आजचा नमुना नापास होणार, हेही सांगितलं. केशवराव डोळे मिटून उभे होते.

बाईंनी टाकीत वाकून पाहिलं, सुधाकरच्या वहीतले मागच्या तपासण्यांचे आकडे चाळले आणि त्यांना हसू आवरेना.

"मागच्या आठवड्यात दोन कारखाने पाहिले. नाल्याचं पाणी असं, की तांब्या भरून प्यावं! बोअरचं पाणी मला ओळखू येत नाही, असंच वाटतं सगळ्यांना." मग त्या गंभीर झाल्या. "तुमचे आकडे खरे दिसतात. जंतू पुन्हा वाढवा. तोवर सांडपाणी खड्ड्यात साठवा, नाल्यात थेंब जाता कामा नये. नमुना महिन्यानं घेईन. कारखाना चालू द्या."

जीप गेली तेव्हा सुधाकरला आधी हसू आलं, मग डोळ्यांत पाणीच आलं. छातीवरचा धोंडा उतरला होता. आत यंत्रं सुरू झाली, संत्री सोलणाऱ्या बाया गलका करत कामाला बसल्या.

केशवरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "सुधाकर, बाई पुढच्या वेळी येतीन, तवा काय करून ठेवू?"

सुधाकरनं कोपरापासून हात जोडले. "काईच करू नका, भाऊ. पाया पडतो तुमच्या, काईच करू नका!"