सहा नंबरच्या पिंपावरचा आळ

फान थिएतच्या किनाऱ्यावर मिठात मुरवलेल्या मासळीच्या रसाची पिंपं पुष्कळांची आहेत, पण पारखणारं नाक आमच्याच घरचं. माझ्यानंतर ते काम धाकटी सून न्हुंग करणार, हे मी ठरवलेलं. दहा वर्षं तिला पिंपापिंपाशी उभी करून घडवली.

तीच एके सकाळी म्हणाली, "आई, सहा नंबर नासलंय. कुजका वास मारतोय."

वर्षभर मुरलेली मांदेली! तिचा नवरा क्वांग लगेच ओतून द्यायला निघाला.

"थांब रे उतावळ्या!" मी झाकण उचलून वास घेतला. खमंग, गोडसर. "काय गं, पाच नंबरलाही येतो वास?"

"येतो."

"आणि भाताला?"

तिचे डोळे भरले. "भातालाही. चार महिने झाले. नाक गेलं म्हटलं तर तुम्ही काम जाऊबाईंना द्याल, म्हणून बोलले नाही. आज मात्र पिंपच नासलंय असं वाटलं."

"शहाणीच आहेस! वाक खाली."

उजवी नाकपुडी स्वच्छ. डावीतून सडका भपका. मासळीच्या घरात जो तो पिंपालाच नावं ठेवणार, माणसाचं नाक कोण हुंगतंय? ती गुपचूप गेली होती त्या औषधवाल्याने तीनदा सर्दीच्या गोळ्या दिलेल्या. सर्दी काय एकाच नाकपुडीला धरते? जेवायच्या काडीने मी तिच्या वरच्या डाव्या दाढा ठोकल्या. तिसरीला किंचाळली. गेल्या वर्षी सिमेंट भरलेली दाढ ती.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंना मी सांगितलं, "दाढेपासून बघा." त्यांनी नाकात दुर्बीण घातली, फोटो काढले. दाढेच्या मुळातला पू वर चढून गालातला सायनस भरलेला, आणि तीन महिन्यांवर गेलेलं म्हणजे जुनाट.

"आजी, कुठे शिकलात हे?"

"पिंपांपाशी. पाझरतं एकीकडे, भोक असतं दुसरीकडे."

दाढ काढली, पोकळी धुतली, गोळ्या दिल्या. वर रोज मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं. पहिल्या दिवशी ते पाणी मीच कालवलं, मासळीला घालतो तसं मूठभर मीठ टाकून. पोर थयथय नाचली. दुसऱ्या दिवसापासून दवाखान्यातली पुडी आणि उकळून गार केलेलं पाणी.

दोन महिन्यांनी तीन वाट्या मांडल्या. न्हुंगने हुंगलं, जिभेवर थेंब ठेवला.

"ही सहाची. ही पाचची. ही शेजारच्या हाइमावशींची. आणि आई, त्यात साखर घातलीत ना, माझी फजिती करायला?"

क्वांग खो खो हसला. मी नाही हसले. माझा चाखायचा बांबूचा पळा भिंतीवरून काढून तिच्या हातात दिला.

"जा, जाऊबाईंना दाखवून ये."